कॉलेजचा नवस

मुखरूचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत आहे. तीही मातीची, आणि छपराला न टेकलेली. वरून हातभर मोकळी. त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण मला निम्मं माझ्याच घरातलं वाटतं. मी मुद्दाम ऐकत नाही. पण भांडण रंगात आलं आणि मी खोकलो, की त्याची बायको धुरपता भिंतीकडे तोंड करून विचारते, "ऐकू आलं ना भाऊजी? का मागचं पुन्हा सांगू?"

तर मुखरूविषयी मी सांगतो ते ऐकीव नाही. भिंतीवरून ऐकलेलं आहे, आणि त्याला आमच्या पठाणपुऱ्यात साक्षीइतकी किंमत आहे.

मुखरू मूळचा नागभीडकडचा. उंचीनं ताड, पण चालताना असा वाकतो की समोरच्याला वाटावं याचं काहीतरी खाली सांडलंय. आवाज तर इतका खाली की दूधवालीला 'आज नको' म्हणाला तर ती दोन मापं ओतून जाते. कुत्र्यालाही 'सरक ना बापा' म्हणणारा माणूस. पण हाच मुखरू मोहरमच्या शेवटच्या तीन दिवसांत वाघ होतो. अंगभर पिवळा रंग, त्यावर काजळीचे पट्टे, मागे वेताची शेपटी. लच्छूचा डफ सुरू झाला की वाकलेली पाठ धनुष्यासारखी ताणली जाते आणि गल्लीतली लहान पोरं खरोखर आईच्या पदरात शिरतात. मागच्या साली त्यानं जमिनीवरचं लिंबू दातानं उचलून माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याचं नाव विसरलो. दहा वर्षांचा शेजार!

हे वाघ होणं हौसेचं नाही. मुलगी मंगली पाच वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. पोरगी हातची गेल्यात जमा होती. तेव्हा मुखरू मोहरमच्या सवारीपुढे, म्हणजे पंजापुढे, नवस बोलला: पोरगी वाचू दे, पाच वर्षं तुझ्या दारात वाघ होईन. मंगली वाचली. गालावर वण राहिले आणि अंगात दुप्पट आवाज आला, बापाच्या वाट्याचाही तिनंच घेतला असावा. पाचांपैकी तीन वर्षं फिटली होती. दोन बाकी होती.

आता नोकरीचं. आमच्या चांद्यात कॉलेज निघून चारेक वर्षं झाली होती. जिनिंगच्या जुन्या गोदामात भरायचं. तिथं मुखरू शिपाई. फळा पुसणं, पाणी भरणं, आणि तासातासाला खांबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारणं. तीन वर्षं झाली तरी 'तात्पुरता'. मी कचेरीपुढे बसून लोकांचे अर्ज लिहितो, तेव्हा कायम करण्याबद्दलचे त्याचे पाचही अर्ज माझ्याच हातचे. पाचव्यात तर मी 'चरणरज' वगैरे घालून असा काही पिळला होता, की वाचून माझेच डोळे भरून आले. प्रिन्सिपॉल साहेबांचे भरले नाहीत. म्हणाले, "संमेलन होऊन जाऊ दे. कमिटी खूश झाली की बघू."

आणि त्याच वर्षी संमेलन गद्रे सरांच्या हाती गेलं.

गद्रे सर इंग्रजी शिकवायचे. मूळ पुण्याचे. अमेरिकेत दहा महिने राहून आले होते आणि गेले वीस महिने ते दहा महिने सांगत होते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना गप्प बसलेली माणसं दिसली की चैन पडत नसे. त्यांनी प्रार्थनेनंतर विद्यार्थ्यांना थांबवून भाषण केलं. "तिकडे प्रत्येक कॉलेजला एक स्पिरिट असतं! कॉलेजचा एक रंग, एक आरोळी, आणि एक प्राणी! कुणाचं अस्वल, कुणाचा बैल. मॅचच्या वेळी तो प्राणी मैदानात नाचतो आणि पोरं नुसती पेटतात! आपलं काय आहे? काय आहे आपलं?"

पोरांनी इकडेतिकडे पाहिलं. आपलं म्हणावं असं गोदामात काही नव्हतं.

"वाघ!" गद्रे सर गरजले. "आपण वाघाच्या मुलखातले!"

मग ते भरात आले. संमेलनाच्या शेवटच्या दिवशी नागपूरच्या एका कॉलेजशी कबड्डीचा सामना ठरला होता. त्याविषयी बोलता बोलता त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "हा सामना आपण जिंकला पाहिजे! या कॉलेजच्या विजयासाठी मी वाटेल ते करीन. आज नाही, उद्या नाही, जन्मभर करीन!"

टाळ्या पडल्या. मुखरू हातोडी घेऊन खांबाशी उभा होता. त्यानं प्रत्येक शब्द ऐकला, आणि तो माणूस ऐकलेलं विसरत नाही.

आरोळीची तालीम त्याच आठवड्यात झाली. कॉलेजचं मैदान गोदामापुढेच, जटपुरा गेटाबाहेर, रस्त्याला लागून. वार रविवार, बाजाराचा. रस्त्यानं रानाकडच्या बाया मोळ्या आणि मोहाची टोपली घेऊन येत होत्या, धानाच्या बंड्या येत होत्या. आणि इकडे साठ पोरांनी एका दमात आरोळी ठोकली:

"वाघ आला! वाघ आला! चांद्याचा वाघ आला!"

पुण्यात असं ओरडलं तर लोक सज्जात येऊन बघतील. इथं मोळ्या जागच्या जागी पडल्या. दोन बाया निंबावर चढल्या, आणि एका बंडीचे बैल जे उधळले ते बंडीसकट रामाळा तलावाच्या पाण्यात जाऊन उभे राहिले. अर्ध्या घटकेत जंगल खात्याचा एक गार्ड बंदूक घेऊन धापा टाकत आला. "कुठी आहे? कुठी गेला?" गद्रे सर त्याला कॉलेज स्पिरिट समजावून सांगू लागले. गार्ड ऐकून घेतो आहे असं वाटत होतं, पण त्याचं लक्ष सरांच्या मागच्या झुडपाकडे होतं.

साठांत एकच पोरगा गप्प होता. धानोऱ्याकडचा लालसू, आणि कबड्डीतला सगळ्यात चपळ गडी तोच.

"तू का ओरडला नाहीस?" सरांनी विचारलं.

"आमच्याकडे त्याचं नाव नाई घेत, सर."

"का?"

"घेतलं तं येते."

"मग त्याला म्हणता काय तुम्ही?"

"तो म्हन्तो."

सरांनी जरा विचार केला. "ठीक आहे. तू 'तो आला, तो आला' असं ओरड."

आरोळी झाली. आता प्राणी पाहिजे होता. प्रिन्सिपॉल साहेब सहज बोलून गेले की आपला शिपाई मोहरमला वाघ होतो म्हणे. झालं. गद्रे सर धावत खांबाशी गेले. "मुखरू, तू वाघ होणार!"

"नाई जमत जी," मुखरू म्हणाला.

सरांना वाटलं, लाजतोय. त्यांनी पाठीवर थाप मारली. मुखरू आणखी वाकला, पण उत्तर तेच. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच. तिसऱ्या दिवशी सरांनी त्याला प्रिन्सिपॉल साहेबांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "सर, जो माणूस कॉलेजच्या हाकेला ओ देत नाही, त्याला कॉलेजनं कायम का करावं? शेकड्यांनी शिपाई मिळतील."

प्रिन्सिपॉल साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले, "ऐकलंस ना? सामन्याच्या दिवशी मैदानावर वाघ दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी तू कॉलेजात दिसायचं नाही."

त्या संध्याकाळी मला भिंतीकडे कान द्यायची गरजच पडली नाही. पुऱ्या गल्लीला ऐकू जात होतं.

"एक दिस रंग लावला तं काय झिजते तुमचं?" धुरपता म्हणत होती. "रंगच आहे ना! धुतला का गेला."

"रंग जाते. नवस जाते का?" मुखरूचा आवाज कधी नव्हे तो भिंतीवरून इकडे आला. "तो वाघ मंगलीचा आहे. तिच्यापायी मांगला. आता कबड्डीले कसा देऊ? उद्या पोट्टीले काई झालं तं?"

"आन नोकरी गेली तं पोट्टीले काय खाऊ घालान? शेपटी?"

कोपऱ्यातून मंगली ओरडली, "माहा वाघ मी कोनाले नाई देत!"

"घ्या! बाप नाई देत, लेक नाई देत. मीच होतो मंग वाघ!" धुरपता म्हणाली. खरं सांगतो, ती झाली असती तर सामना नागपूरकरांनी नुसता बघूनच सोडला असता.

मी पाटावर उभा राहून भिंतीवरून डोकं काढलं. "मुखरू, उगाच घरात कशाला भांडता? वाघाची गोष्ट वाघवाल्याला विचारावी. दौलतचाचाकडे जा."

दौलतचाचा सवारीची सेवा करणारे. एरवी कुलपं दुरुस्त करतात. साठी उलटलेली, बोलणं अर्धं हिंदी अर्धं आमचं. मी सोबत गेलो. म्हटलं, मुखरूचा आवाज चाचांच्या कानापर्यंत पोचवायला कोणी तरी पाहिजे. चाचांनी हातातलं कुलूप खाली न ठेवता सगळं ऐकून घेतलं.

"वाघ कोई तमाशा नहीं है, मन्नत है," ते म्हणाले. "जिसकी मन्नत, उसका वाघ. तुझा वाघ तुझ्या लेकीचा. कॉलेजले काय पायजे?"

"जीत पायजे म्हन्ते."

"मांगी किसने?"

मुखरू विचारात पडला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "गद्रे सरांनं! हात वर करून बोलले, साठ पोट्ट्यांपुढं. जितीसाठी वाटेल ते करीन म्हन्ले. मी सोता ऐकलं."

"हात वर करके बोला?"

"हो जी."

"तो हो गई मन्नत." चाचांनी कुलपात किल्ली घातली, खटकन फिरवली. "वाघ वोही बनेगा. सीधी बात है."

तुम्ही म्हणाल, भाषणात माणूस बोलतो ते का कोणी धरून बसतं? पुण्या-नागपुरात बसत नसतील. मुखरूच्या मुलखात हात वर करून चारचौघांत मागितलं तर तो नवस. तिथं भाषण म्हणून वेगळी काही वस्तू नसते. मुखरूच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं! घरी येताना तो सरळ चालत होता. मी मनातल्या मनात हसत होतो, पण त्याला एका शब्दानं अडवलं नाही. का अडवू? असा योग पुन्हा पुन्हा येत नाही.

दुसऱ्या दिवशी गद्रे सरांचा वर्ग चालू असताना मुखरू दारात जाऊन उभा राहिला.

"सर, वाघाचं जमलं."

"शाब्बास! मला माहीत होतं!"

"तुमी व्हायचं जी."

"काय व्हायचं?"

"वाघ. नवस तुमचा आहे. तुमी हात वर करून बोलले. दौलतचाचानंबी सांगतलं. रंगाचं, शेपटीचं मी पाहतो. लच्छूले डफासाठी सांगून ठेवलं. तुमी फक्त उद्यापासून जरा वाकून चाला, सवय होईन."

गद्रे सर आधी हसले, मग रागावले. मग म्हणाले की तो बोलण्याचा एक अलंकार होता. मुखरूनं शांतपणे विचारलं, "म्हंजे खोटं होतं का जी?"

आणि मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली. एक, दोन, मग पुरा वर्ग. "गद्रे सर! गद्रे सर! चांद्याचा वाघ, गद्रे सर!" इतके दिवस जी आरोळी सरांच्या मनासारखी वठत नव्हती ती अशी वठली की शेजारच्या गणिताच्या वर्गातून पोरं उठून आली. इतके दिवस सर त्यांना सांगत होते, लाज सोडा, कॉलेजसाठी स्वतःला झोकून द्या. आता साठ तोंडं तेच त्यांना सांगत होती. नाही म्हणायला जागाच कुठं होती?

मग तालमी. जिनिंगच्या मागच्या पडवीत, तास संपल्यावर. मी दोनदा वेळ काढून गेलो. कचेरीचं काम काय, रोजचंच आहे.

"सर, पाय उचलू नका. घासत न्या. तुमी हपिसात गेल्यावानी चालून राह्यले."

"असं?"

"आता शिकार हुकल्यावानी दिसते. कंबर खाली. अजून खाली. डोये मोठे करा, पन भेल्यावानी नाई."

"मुखरू, मला वाटतं वाघाच्या मनात तेव्हा..."

"वाघाच्या मनात काई नसते जी. भूक असते."

लच्छू डफ खाली ठेवून पोट धरून बसला होता. पण खरं सांगायचं तर चौथ्या दिवशी सरांच्या खांद्यांत काहीतरी यायला लागलं होतं. मुखरूनं नियमही सांगितले. रंग लागला की धुवेपर्यंत बोलायचं नाही. बसायचं नाही. मैदानात जो सगळ्यात मानाचा असेल त्याच्यापुढे झेप घ्यायची, त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवायचं, त्यानं डोक्यावर हात ठेवून नारळ दिला की उठायचं. "बोलला का नवस मोडला. मंग माह्याकडे नका येऊ."

एकच गोष्ट राहिली. प्रिन्सिपॉल साहेबांना सांगायची; वर्गात ती आरोळी झाली तेव्हा ते कमिटीबरोबर पाहुणे ठरवायला नागपूरला गेले होते. ती सरांनी स्वतःकडे घेतली होती. पण साहेबांच्या खोलीत जाऊन 'मी वाघ होतोय' हे वाक्य त्यांना ना मराठीत जमलं ना इंग्रजीत. शेवटी त्यांनी चिठ्ठी पाठवली: 'वाघाची व्यवस्था झाली आहे.' साहेबांनी वाचली, मान हलवली. व्यवस्था म्हणजे मुखरू, हे त्यांना सांगायला कशाला हवं होतं?

सामन्याच्या दिवशी पहाटे पडवीत न्हावी बसला. अंगावर केस असले तर रंग धरत नाही. हात, छाती, पाठ सगळं झालं. मिशीपाशी सर थबकले. अमेरिकेतसुद्धा त्यांनी मिशी ठेवली होती.

"वाघाले मिशा असतात ना?" त्यांनी आशेनं विचारलं. आमची बोली त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकली.

"त्या मी रंगानं काढतो जी," मुखरू म्हणाला, आणि न्हाव्याला खूण केली.

मग दोन बांबू हातांनी धरायला लावून, उभं करून रंग चढवला. पिवडी, खडू, काजळी. वाळायला राळेची धुरी. दुपारी एकला रंग पुरा झाला तेव्हा तिथं गद्रे सर नव्हते. वाघ होता. जरासा पोट सुटलेला, पण वाघ.

तीनला सामना. मैदानाच्या कडेला मांडव, मांडवात खुर्च्या, मधल्या मोठ्या खुर्चीत नागपूरहून आलेले प्रमुख पाहुणे. कमिटीनं मोठ्या खटपटीनं त्यांना आणलं होतं. जरीचा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. दुपारचं जेवण वडाभाताचं झालं होतं, त्यामुळे प्रास्ताविक चालू असतानाच त्यांचे डोळे मिटले. बाजूला प्रिन्सिपॉल साहेब हातात कार्यक्रमपत्रिका घेऊन ताठ बसले होते.

डफ वाजला. गोदामाच्या मागून वाघ निघाला.

मी मोहरमचे बरेच वाघ पाहिलेत. हा त्यांच्यात बसणारा नव्हता. मधेच पाय उचलत होता, मधेच हपिसात जात होता. पण पोरं इतकी ओरडत होती की त्यालाही चेव आला. मैदानाला एक वेढा घातला, लिंबू दातानं उचललं, नागपूरच्या गड्यांपुढे डोळे वटारले. ते शहरातले, दोन पावलं मागे सरले. मग लच्छूनं डफाची चाल बदलली. ही मानाची चाल. वाघानं मांडवाकडे पाहिलं, कंबर खाली घेतली आणि झेप घेतली.

पाहुण्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ते झोपेतून जागे झाले तेव्हा त्यांच्या मांडीवर वाघाचं डोकं होतं. त्यांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून रस्त्यावरची माणसं पुन्हा निंबाकडे धावली. खुर्ची मागे कलंडली, पाय वर झाले, फेटा घरंगळत थेट कबड्डीच्या मधल्या रेघेवर जाऊन थांबला. वाघ मात्र नियमाप्रमाणे गुडघ्यावर डोकं ठेवायला गुडघा शोधत होता.

"मुखरू!" प्रिन्सिपॉल साहेब उभे राहिले. रागानं त्यांचा चष्मा हलत होता. "उठ! माफी माग पाहुण्यांची!"

वाघ गप्प.

"बोल! तोंड नाही का तुला?"

वाघानं केविलवाण्या डोळ्यांनी लच्छूकडे पाहिलं. लच्छूनं मान हलवली. नाही.

"उद्धट!" साहेबांनी पत्रिका उलटी केली, टाक मागितला आणि तिथंच लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून. "शिपाई मुखरू यास, वाघाच्या वेषात प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर उडी घेतल्याबद्दल, या क्षणापासून नोकरीवरून..."

ठण्! ठण्! ठण्!

सामना सुरू करायचा टोल. साहेबांचा टाक थांबला. त्यांनी मान वळवली. गोदामाच्या खांबाशी, खाकी कपड्यात, डोक्याला टोपी, हातात हातोडी, मुखरू उभा होता. त्यानं नेहमीसारखं वाकून साहेबांना नमस्कार केला.

"घंटा कोण वाजवतंय?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं, जसं काही स्वतःच्या डोळ्यांवर दुसऱ्याची साक्ष पाहिजे होती.

"मुखरू जी," लच्छू म्हणाला.

"मग हा कोण?"

वाघाला बोलायचंच नव्हतं. मी मागच्या रांगेत धोतराचा सोगा तोंडात धरून बसलो होतो. आणि साठ पोरांनी एका दमात उत्तर दिलं:

"गद्रे सर! गद्रे सर! चांद्याचा वाघ, गद्रे सर!"

पाहुण्यांना एव्हाना उचलून बसवलं होतं. त्यांनी वाघाकडे नीट पाहिलं. "हे काय शिकवतात?"

"इंग्रजी," साहेब म्हणाले. हा एक शब्द उच्चारायला त्यांना बरेच कष्ट पडले.

"अस्सं. फार जोमानं शिकवत असावेत."

कमिटीच्या एका गृहस्थानं पटकन पाहुण्यांच्या हातात नारळ दिला, त्यांनी तो लांबूनच वाघापुढे ठेवला, आणि वाघ उठला. सामना झाला. नियमाप्रमाणे वाघाला बसता येत नव्हतं, म्हणून तो पूर्णवेळ रेघेच्या कडेला उभा. नागपूरचा गडी चढाईला आला की त्याचं अर्धं लक्ष त्या पट्ट्यांकडे. लालसू मात्र त्याच्याकडे एकदाही न बघता खेळला, आणि शेवटच्या चढाईत तिघांना शिवून परत आला. चांदा जिंकलं.

म्हणजे नवस फळला. आणि बोलताना सर म्हणाले होते 'जन्मभर'. दौलतचाचांना कोणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बोला है तो बोला है." सर त्या दिवसापासून पुण्याच्या वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती वाचू लागले, असं पोस्टमन सांगतो. पण ती गोष्ट वेगळी. आपली गोष्ट मुखरूची.

तीन दिवसांनी प्रिन्सिपॉल साहेबांनी मला बोलावणं धाडलं. कॉलेजचा कारकून होता, पण वाघ हा शब्द आला की त्याला हसू आवरेना, म्हणून लिहायला बाहेरचा माणूस हवा होता. खोलीत मुखरू उभा होता. कोपऱ्यात गद्रे सर, मिशीविना, कानामागे अजून पिवळे.

साहेबांची पंचाईत मी समजू शकत होतो. मुखरूला काढावं तर तो घंटेपाशी होता. सरांना काढावं तर इंग्रजीला दुसरं कोणी नाही. कोणालाच काढू नये तर पाहुण्यांदेखत लिहायला घेतलेल्या हुकमाचं काय? त्यात सामना जिंकल्यामुळे कमिटी खूश. शेवटी त्यांनी ठरवलं होतं की मुखरूला कायम करायचं, पण अशा बंदोबस्तानं, की पुन्हा या कॉलेजात जनावराचं नाव निघू नये.

"लिहा," ते म्हणाले. "मी, मुखरू, लिहून देतो की, कायम नोकरीत असेपर्यंत मी कॉलेजच्या आवारात किंवा आवाराबाहेर वाघ अगर अन्य कोणताही प्राणी होणार नाही."

मी लिहिलं. 'अगर अन्य कोणताही प्राणी' लिहिताना मला ओठ चावावा लागला. समोर कायमचा हुकूम सहीसाठी तयार होता. मी टाक मुखरूच्या हातात दिला. त्याला त्याच्या नावाची तीन अक्षरं येतात.

त्यानं कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, 'मोहरमचे तीन दिस सोडून' लिहा."

"काय?"

"माही दोन वर्सं बाकी आहेत जी. मंगलीची."

"तुला नोकरी हवी की वाघ हवा?"

"दोनी पायजे जी."

"आणि मी नाही लिहिलं तर?"

मुखरूनं टाक टेबलावर ठेवला. टोकाची शाई साहेबांच्या कागदाला लागू नये म्हणून तोंड बाजूला करून, हळूच. "तं नाई," तो म्हणाला.

हे तो वाकून म्हणाला नाही. पाठ सरळ होती. डफ नव्हता, रंग नव्हता, आणि तरी मला मागच्या सालचं ते लिंबू आठवलं. मी भिंतीपलीकडच्या धुरपतेचा विचार केला. पाच अर्ज लिहून जे मिळालं नाही ते हातभर अंतरावर होतं, आणि हा माणूस 'तं नाई' म्हणून उभा!

साहेब लाल झाले. त्यांनी गद्रे सरांकडे पाहिलं, म्हणजे तुमच्यामुळे हे सगळं, अशा नजरेनं. सर म्हणाले, "लिहू द्या, सर."

"तुम्हीही?"

"मी एक दिवस वाघ झालो. कशासाठी झालो ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्याला सांगता येतं." आणि पहिल्यांदाच त्यांनी पुढे अमेरिकेचं काही जोडलं नाही.

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. "पुढची दोन वर्षं," शेवटी ते म्हणाले. "फक्त दोन. मोहरमचे तीन दिवस. आणि आवाराबाहेर. लिहा."

मी समासात लिहिलं. मुखरूनं तीन अक्षरं काढली, साहेबांनी हुकमावर सही केली. वाटेत मी त्याला म्हटलं, "मुखरू, साहेब नाही म्हणाले असते तर?" तो म्हणाला, "गेलो असतो ना जी नागभीडले. तिकडे धान आहे." जसं काही धान याचीच वाट बघत उभं होतं.

संध्याकाळी भिंतीपलीकडे हुकूम आणि लिहून दिलेल्या कागदाची नक्कल वाचून दाखवायला मलाच बोलावलं. मी सगळं वाचलं, समासासकट. मंगली अंगणात उड्या मारायला लागली. मला वाटलं, आता धुरपताबाई डोळ्यांना पदर लावणार.

"दोनच वर्सं?" ती म्हणाली.

"दोनच तं बाकी आहेत," मुखरू म्हणाला.

"आन उद्या आनखी लेकरू झालं, त्याले ताप आला, मंग? मंग काय बोलान नवस? बकरी होईन म्हनान? का तेबी नाई चालत?"

मुखरू माझ्याकडे पाहू लागला. मी कागदाकडे पाहिलं. 'अगर अन्य कोणताही प्राणी', माझ्याच वळणदार अक्षरात.

"ते नाही चालत," मी म्हणालो.

"आन तुमी लिहनारे होते ना भाऊजी!" धुरपता म्हणाली. "इतके कागद लिहता कचेरीत. भिंतीवरून सारं ऐकता. एवढं एक तुमाले सुचलं नाई?"